गंजके हात

गाय नाही, म्हैस नाही, आणि तरी हा माणूस रोज टाकीभर दूध करायचा, म्हणून कारखान्यात सगळे त्याला गवळी म्हणायचे. बरोबरीचे नुसतं गवळी, तरुण पोरं गवळीकाका. खरं नाव विचारलं असतं तर फाटकावरच्या पहारेकऱ्यालाही पटकन आठवलं नसतं. त्यालाही त्याचं काही वाटायचं नाही. उलट एखादा नवा माणूस गोंधळून "इथे गोठा कुठाय?" असं विचारायचा, तेव्हा त्याची कळी खुलायची.

आता हे दूध म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. कारखान्यात पोलादाच्या कड्या व्हायच्या, यंत्रांच्या चाकांत बसतात तसल्या, आतून-बाहेरून गुळगुळीत. कडी घासताना सडकून तापते, म्हणून तिच्यावर सतत काहीतरी गार सोडावं लागतं. नुसतं पाणी सोडलं तर कडी गंजते. नुसतं तेल सोडलं तर धूर होतो आणि कडी काही गार होत नाही. म्हणून दोन्ही एकत्र. पण तेल आणि पाणी यांचं हाडवैर. त्यांचं लग्न लावायला मधे एक मध्यस्थ लागतो, साबणाच्या जातीचा. तो एका हाताने पाण्याला धरतो, दुसऱ्या हाताने तेलाला, आणि वर पोलादाच्या अंगावर एक पातळ पदर अंथरून ठेवतो, म्हणजे पाणी थेट लोखंडाला भिडत नाही. हे सगळं जमून आलं की टाकीत पांढरंशुभ्र दूध दिसतं. ते दूध करायचं, राखायचं आणि यंत्रांना पाजायचं, हे गवळ्याचं काम.

आधी पाणी, मग तेल. तेलाची बारीक धार आणि एकसारखं ढवळणं. उलटं केलं, म्हणजे तेलात पाणी ओतलं, की मलमासारखा लगदा होतो आणि तो कशाच्याच उपयोगाचा राहत नाही. गवळ्याने उभ्या आयुष्यात एकदाच उलटं केलं होतं, नोकरीच्या सुरुवातीला, आणि तेव्हाच्या फोरमनने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. तेव्हापासून "आधी पाणी" हे त्याच्या अंगात असं भिनलं, की घरी चहा टाकतानाही तो पुटपुटायचा, "आधी पाणी, मग..." बायको म्हणायची, "अहो, मग साखर! तेल नाही घालायचं चहात. सुटा आता त्या कारखान्यातून!"

सकाळी आल्या आल्या तो टाकीचं झाकण उचलून वास घ्यायचा, बोटं बुडवून अंगठ्याशी चोळायचा, आणि मग खिशातून दुर्बीण काढायचा. दुर्बीण कसली, वीतभर नळी ती, टोकाला काच. काचेवर दुधाचा थेंब ठेवायचा, उजेडाकडे तोंड करायचं, की आत एक रेघ दिसते. रेघ वर असली तर तेल जास्त, खाली असली तर कमी. आणि रेघ पुसट दिसली तर समजायचं, की तेल-पाण्याचं बिनसायला लागलंय, दूध फाटणार. रेघ स्वच्छ दिसली की गवळ्याचा दिवस चांगला जायचा.

त्याचा मुलगा बोटीवर मेकॅनिक होता, वर्षातला बराच काळ समुद्रावर. मुलाचं लग्न झालं आणि सून घरात आली. गुणी पोरगी, पण आली ती दबकत दबकत. दाराची लोखंडी कडी रुमालाने धरायची. सुरी वापरली की लगेच पुसून, तेलाचं बोट लावून ठेवायची. सासूच्या लक्षात यायला महिनाही लागला नाही. शिवणाच्या डब्यातल्या सुया लाल पडायला लागल्या. कात्रीच्या दांड्यांवर डाग पडले.

"काय गं बाई," सासू म्हणाली, "तुझ्या हाताला काय खार लागलाय की काय? माझ्या आईची कात्री ती!"

सासू तशी मनाने वाईट नव्हती, जिभेने होती. पण सुनेचा चेहरा एवढासा झाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. लहानपणापासून हे असंच. शाळेत हिने हातात घेतलेला कर्कटक दुसऱ्या दिवशी लाल. माहेरी कुणाच्या घरी बाळ आलं, तर सगळ्या मुलींना ते मांडीवर मिळायचं, हिला नाही. कुणी स्पष्ट बोलायचं नाही. नुसतं बाळ हिच्यापर्यंत आलं की कुणाला तरी त्याला भूक लागल्याचं आठवायचं. लोखंडाचं जे होतं ते बाळाचं झालं तर? माणसांच्या डोक्यात काय काय शिरेल, सांगता येत नाही.

गवळी ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो खो खो हसायला लागला.

"अगं, एवढंच ना? आमच्या कामात याला गंजके हात म्हणतात! काहींचा घाम जरा जास्त खारट असतो, बस्स. दर कारखान्यात असतात असे दोन-चार जण. आमचा जुना फोरमन तसाच होता. त्याने पाठ थोपटली की आम्ही घरी जाऊन आरशात बघायचो, डाग पडला का म्हणून."

सून हसली. त्या घरात ती पहिल्यांदाच मोठ्याने हसली, आणि सासूने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं, की हा आवाज कुणाचा.

गवळ्याला वाटलं, नुसतं सांगून भागायचं नाही. हिच्या मनातून हे खोडून काढायला हवं. काय करावं या माणसाने? तिला थेट कारखान्यातच लावलं, आणि तेही तपासणीच्या टेबलावर, जिथे दिवसभर उघडं पोलाद हाताळायचं असतं! सुपरवायझर तरुण होता, नवीन होता, वरच्यांना घाबरून असायचा. तो म्हणाला, "काका, डोकं ठिकाणावर आहे ना? गंजके हात आणि कड्यांचं टेबल?"

"मग हातमोजे कशाला असतात, साहेब?" गवळी म्हणाला. "मोजे घालेल. कडी तपासली की लगेच तेलात बुडवेल. बघा तर खरं."

आणि झालंही तसंच. तिने मन लावून काम केलं. कडीच्या आतल्या काठावर कधीकधी एक बारीक धार राहते, डोळ्याला न दिसणारी, ती हिच्या बोटांना मोज्यातूनही कळायची. एकही कडी गंजली नाही. दुपारी ती आणि सासरा जिन्याखाली बसून डबा खायचे. तो तिला दुधाच्या खबरा सांगायचा आणि ती त्याला टेबलावरच्या. वर्षभराने तिला मुलगी झाली. दाईने बाळ गुंडाळून आणलं तेव्हा सासू घ्यायला पुढे झाली, पण सुनेने पडल्या जागेवरून दोन्ही हात उघडे पुढे केले आणि म्हणाली, "आधी माझ्याकडे." गवळी दारात उभा होता. त्याला एवढा आनंद झाला, की तो तिथून निघून अंगणात जाऊन उभा राहिला. त्याच्या लेखी त्या टेबलाची किंमत ही होती.

मुलगी बोलायला लागली, सून केव्हाच टेबलावर परतली होती, आणि मग नळाचं पाणी कमी पडायला लागलं. कारखान्याने मागच्या आवारात बोअर मारली. भरपूर पाणी लागलं, सगळे खूश झाले. गवळ्याने ते पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. जड, खारट पाणी. असल्या पाण्यात कपडे धुताना साबण घासून घासून हात भरून येतात, पण फेस म्हणून येत नाही. कारण पाण्यातले क्षार साबणाला आधीच गाठतात आणि त्याचा चोथा करून टाकतात. टाकीत तेच व्हायला लागलं. मध्यस्थच कुणी पळवला, तर ते लग्न टिकणार कसं? त्यात यंत्रांतून गळणारं काळं तेल येऊन दुधावर साय धरायचं, आणि उरलासुरला साबण ती साय ओढून घ्यायची. गवळी दिवसातून कितीतरी वेळा फळी घेऊन साय काढायचा. सुट्टीनंतरच्या सकाळी झाकण उचललं की नाकाला झोंबणारा वास. आणि दुर्बिणीतली रेघ पुसट.

तो सुपरवायझरकडे गेला. "दूध नासतंय, साहेब. टाकी रिकामी करून घासायला हवी. आणि निदान दुधापुरतं तरी नळाचं पाणी द्या."

"टाकी रिकामी म्हणजे यंत्रं बंद, काका. आणि ते नासकं दूध न्यायला टँकर लागतो, तो मिळतोय कुठे? पुढच्या महिन्यात बघू."

पुढचा महिना काही उजाडेना. गवळी परत परत सांगत राहिला, पण सांगायचा तो हळू आवाजात, टोपी हातात घेऊन. त्याने तेव्हा टेबलावर मूठ आपटायला हवी होती. पण तो त्यातला नव्हता. तो वरून ताजं तेल घालायचा, साय काढायचा, आणि दिवस ढकलायचा.

आणि एक दिवस पेट्या परत आल्या. लांबच्या गिऱ्हाइकाने पोचलेला माल उघडला, तर कड्यांवर तपकिरी ठिपके, मोहरीएवढे, सगळीकडे शिंपडल्यासारखे. सुपरवायझरने कड्या टेबलावर मांडल्या आणि भिंग घेऊन एकेक बघायला लागला. ठिपके, ठिपके, ठिपके. आणि मग एका कडीवर अंगठा. अख्खा, गंजाने उमटलेला, रेषा न् रेषा मोजून घ्यावी असा.

सून टेबलापाशीच उभी होती. कुणी विचारायच्या आत ती म्हणाली, "तो माझा आहे."

तिने खरं तेच सांगितलं. त्या कडीच्या काठाबद्दल शंका आली होती, मोजा जाड होता, नीट कळेना, म्हणून तेवढ्यापुरता मोजा काढला. मग कुणीतरी हाक मारली आणि ती कडी तेलात बुडवायची राहिली.

अहो, एक कडी! पेट्या भरभरून कड्या परत आल्या होत्या, आणि अंगठा होता एका कडीवर. बाकीच्या ठिपक्यांना ना रेषा, ना आकार. पण माणसाला एकदा अंगठा दिसला, की ठिपके कोण बघतो? सुपरवायझरने भिंग खाली ठेवलं आणि तिला म्हणाला, "काही दिवस घरी राहा." तिने ॲप्रनची घडी घातली, मोजे त्यावर ठेवले आणि गेली.

गवळ्याला हे कळलं तेव्हा तो टाकीवर वाकलेला होता. तसाच ओल्या हातांनी धावत आला. सुपरवायझर कातावलेला होता. "काका, आत्ता नको. वरचे माझ्या डोक्यावर बसलेत. थोडं थंड होऊ दे सगळं."

थोडं थंड होऊ दे. गवळ्याने हे शब्द धरून ठेवले. म्हणजे राग आहे, राग उतरेल, मग बोलावतील. राग कशाने उतरेल? चांगल्या मालाने. आणि चांगला माल कशाने निघेल? तर त्याला जे येत होतं, ते करायला तो लागला.

"साहेब, आता तरी टाकी धुऊ द्या."

"धुवा, काय धुवायचं ते धुवा! सगळं चकचकीत करा, वरचे बघायला येणार आहेत."

इतके महिने न मिळणारा टँकर दुसऱ्या दिवशी दारात उभा राहिला. जोडून सुट्टी होती. गवळ्याने नासकं दूध उपसलं, टाकीत उतरून तळाचा चिकट गाळ खरवडला, नळ्या धुतल्या. पुढच्या आवारातल्या नळाला लांबलचक पाइप जोडून गोडं पाणी आणलं. आधी पाणी, मग तेलाची धार. या वयात त्याची कंबर धरली, पण त्याने कुणाला हात लावू दिला नाही. दूध असं झालं, की काय सांगावं! दुर्बिणीतली रेघ धारदार. तो घरी गेला आणि सुनेला म्हणाला, "चार दिवस कळ काढ, पोरी. आता बघ कसा माल निघतो. स्वतः बोलवायला येतील तुला."

माल खरंच तसा निघाला. एक ठिपका नाही. गवळी रोज तपासणीच्या टेबलापाशी घुटमळायचा, कड्या बघायचा आणि मनातल्या मनात हसायचा. काही दिवसांनी सुपरवायझरने त्याला बोलावलं. चेहरा निवळलेला. गवळ्याला वाटलं, आलाच तो निरोप.

"काका, वाईट वाटतंय सांगताना," सुपरवायझर म्हणाला, "पण बघितलंत ना तुम्ही? ती घरी गेली आणि गंज थांबला. त्यासाठीच तर तिला घरी ठेवलं होतं, खात्री करून घ्यायला. आता वरच्यांना सांगायला माझ्याकडे पुरावा आहे."

  जे गवळ्याने तिच्यासाठी केलं होतं, कंबर मोडून केलं होतं, त्यानेच तिला गुन्हेगार ठरवलं होतं. दूध नासकं राहिलं असतं, तर ती घरी असतानाही गंज आला असता आणि ती सुटली असती. त्याने दूध सुधारलं आणि सगळं तिच्यावर शेकलं.

"साहेब, ते दूध होतं," तो कसाबसा म्हणाला. "ती गेली म्हणून नाही थांबला. मी दूध बदललं म्हणून थांबला."

"काका, टाकी काय तुम्ही पहिल्यांदा धुतलीत?"

तो मोठ्या साहेबांकडे गेला. या वेळी टोपी हातात नव्हती, घाईत डोक्यावरच राहिली होती.

"म्हणजे तुमचं म्हणणं असं, की इतके महिने तुमचं दूध खराब होतं?" मोठे साहेब म्हणाले.

"होय साहेब."

"आणि तुम्ही ते यंत्रांना देत होतात?"

"होय. मी सांगत होतो, पण देतही होतो. चूक माझी. मला काढा. खुशाल काढा, पण तिला परत घ्या."

मोठे साहेब हसले. वाईट नाही हसले, कौतुकाने हसले, आणि तेच जास्त वाईट होतं. "सुनेवर फार जीव आहे तुमचा. असे सासरे मिळत नाहीत हो. पाणी प्या." गवळ्यापुढे ग्लास आला. तो पाणी प्यायला. दुसरं काय करणार?

घरी त्याने सुनेला सगळं सविस्तर सांगितलं. बोअरचं पाणी, साय, रेघ, टँकर. ती मुलीला भरवत होती. शांतपणे ऐकून घेतलं तिने.

"बाबा, अंगठा माझाच होता ना?"

"अंगठा तुझा. पण बाकीचे ठिपके दुधाचे, माझे."

"मी गेले आणि थांबलं. तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलताय, ते कळतंय मला. नका बोलू. लोक हसतात तुम्हाला."

गवळ्याला कुणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. त्याने बायकोकडे बघितलं. बायकोचा मात्र त्याच्यावर विश्वास बसला होता, पण तिचं आपलं वेगळंच. तिने त्याला आत बोलावलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "नेमकी तेव्हाच कुणी सांगितली होती तुम्हाला टाकी धुवायला? आणखी चार दिवस घाण राहिली असती तर काय आभाळ कोसळणार होतं?" बोलता बोलता तिलाच रडू आलं. कात्रीवरून जिने एवढं ऐकवलं होतं, ती आता सुनेच्या बाजूने जगाशी भांडायला तयार होती, पण भांडायला समोर कुणी येत नव्हतं.

सून बोलायची, कामं करायची, रडायची नाही. फक्त तिने घरात मोजे घालायला सुरुवात केली. भांडी घासायचे ते रबरी मोजे. आधी भांड्यांपुरते, मग कडीकुलपाला, मग दिवसभर. बोटीवरून नवऱ्याचा फोन आला की मोज्यातच फोन धरायची आणि "सगळं ठीक आहे" म्हणायची. मुलीचे केस विंचरतानाही मोजे. पोरगी मान वळवून वळवून म्हणायची, "आई, रबर नको." सून म्हणायची, "रबरच बरं, बाळा." आणि पोरगी झोपेला आली, की तिला सासूच्या मांडीवर द्यायची. गवळी समोर बसलेला असायचा. त्याला वाटायचं, उठावं आणि ते मोजे खेचून काढावेत. एकदा तो उठलाही. पण सुनेने त्याच्याकडे अशा नजरेने बघितलं, की तो पाणी प्यायला उठल्यासारखं करून आत गेला.

आता एकच उपाय उरला होता. गंज परत यायला हवा होता. ती टेबलावर नसताना, दुसरं माणूस तिथे बसलेलं असताना. मग कुणाला काही बोलायची जागाच राहिली नसती.

आणि गवळ्याने, ज्याने सगळं आयुष्य दूध राखण्यात घालवलं त्याने, साय काढायचं सोडलं. टाकीत भर घालायला परत बोअरचं पाणी घेतलं. रोज सकाळी झाकण उचलायचा, काळी साय बघायचा आणि झाकण परत ठेवायचा. हात आपोआप फळीकडे जायचे, ते तो मागे घ्यायचा. दुर्बिणीतली रेघ पुसट व्हायला लागली तेव्हा त्याला आनंद झाला, आणि त्या आनंदाची त्याला लाज वाटली. यंत्रांवरची पोरं म्हणायला लागली, "गवळीकाका, दुधाला वास मारतोय." तो म्हणायचा, "मारू दे."

टेबलावर सुनेच्या जागी एक नवी मुलगी आली होती, किडकिडीत, कुणाशी फारसं न बोलणारी. तिचे हात गवळ्याने नळावर बघितले होते. कोरडे, साधे, कुणाचेही असतात तसे. ते बघून त्याला हायसं वाटलं होतं. हिच्यावर कुणी संशय घेणार नाही, असं त्याने धरून चाललं होतं.

गंज आला. या वेळी पेट्या परत यायचीही वाट बघावी लागली नाही, टेबलावरच्या कड्यांवरच ठिपके उठले. गवळी एक कडी उचलून लहान पोरासारखा धावत सुपरवायझरकडे गेला. "आला! साहेब, आला! बघा, ती नाही आणि गंज आला! आता तरी पटलं ना?"

सुपरवायझरने कडी हातात घेतली, उजेडात फिरवली. त्याचा चेहरा पडला. तो उठला. गवळी त्याच्या पुढे पुढे टाकीकडे चालायला लागला, आणि चार पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं, की मागे कुणी नाही. सुपरवायझर तपासणीच्या टेबलाकडे वळला होता.

"मोजे काढ," तो नव्या मुलीला म्हणाला.

तिने मोजे काढले. सगळी माणसं बघत होती. ती घाबरली होती, आणि तिचे तळहात घामाने चमकत होते.

"साहेब, हे मी केलंय!" गवळी ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो कारखान्यात ओरडला. "मी मुद्दाम दूध नासवलंय! साय काढली नाही, खारं पाणी घातलं! चला, टाकी दाखवतो!"

सुपरवायझरने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "काका, आता प्रत्येक पोरीसाठी तुम्ही हेच बोलणार का? घरी जा. आराम करा थोडा." आणि मुलीला म्हणाला, "तू काही दिवस घरी राहा."

गवळी टाकीपाशी येऊन उभा राहिला. सवयीने त्याने फळी हातात घेतली आणि तिथेच थबकला. दूध सुधारलं, तर उद्यापासून गंज थांबणार, आणि ही पोरगीही दोषी ठरणार. नाही सुधारलं, तर हिच्या जागी जी येईल ती जाणार. मागे यंत्रं चालू होती, दूध मागत होती. तो फळी हातात धरून किती वेळ उभा होता, त्यालाच ठाऊक नाही. शेवटी त्याने साय काढली. दुसरं त्याला काही येतच नव्हतं.

घरी आला तेव्हा सून दारातच बसली होती, मुलीच्या सदऱ्याची गुंडी लावत, मोजे घालून. गवळी तिच्या शेजारी पायरीवर बसला.

"पोरी, आज परत गंज आला. तू नव्हतीस तरी आला. आता तरी ऐकशील ना माझं?"

तिचे हात थांबले. क्षणभर तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. 

"मग काय म्हणाले ते?"

"नव्या मुलीला घरी पाठवलं," तो म्हणाला. खोटं बोलायचं त्याला सुचलंच नाही.

"तिचे हात बघितले?"

"बघितले. अगं, घाबरली होती ती बिचारी. घाबरल्यावर कुणाच्याही हातांना घाम येतो."

 सुनेने गुंडी लावली, सदरा नीट केला, आणि मुलीला अलगद सासऱ्याच्या मांडीकडे सरकवलं.

"नाही हो, बाबा. तिचेही तसलेच असणार. उद्या भेटलीच कुठे, तर सांगा तिला. म्हणावं, घरात मूल असेल तर मोजे घालूनच जवळ घे."